अळणी भात

१

गंगाधरपंत बोरजाईवाडीच्या वेशीत उतरले, तेव्हा जोतिबाची राख सावडून माणसं ओढ्यावरून परतत होती.

पंतांना आधी काही उमगलंच नाही. हातात कापडी पिशवी, पिशवीत भुताखेतांच्या गोष्टी टिपायची वही, आणि वहीत जोतिबाचं पंधरा दिवसांपूर्वीचं पत्र. साताऱ्याहून सर्व्हिस मोटारीनं कऱ्हाड, तिथून कडेगाव, पुढं दोन कोस बैलगाडी. एवढा प्रवास करून ते ज्याला भेटायला आले होते, त्याचीच राख पाण्यात गेली होती.

"मास्तर, तुमी? अशा वक्ताला?" घोळक्यातून एक माणूस पुढं आला. पन्नाशीचा, डोक्याला टापशी, डोळे खाली. हा नाथाजी, जोतिबाचा चुलतभाऊ आणि गावचा पंच. त्यानं पंतांची पिशवी घेतली. "जोतिबा गेला. आइतवारी पहाटं. उतारा खाल्ला त्यानं."

उतारा म्हणजे काय, हे पंतांना कुणी सांगायला नको होतं. आजाऱ्यावरून दहीभात, लिंबू, कुंकू ओवाळून तिवाट्यावर ठेवायचं, म्हणजे पीडा भुताबरोबर निघून जाते. त्याला कुणी शिवायचं नसतं. शिवला, तर ती पीडा त्याच्या मानगुटीवर बसते. पंतांच्या वहीत उताऱ्यांचीच चौदा पानं होती.

"कुणी ठेवला होता?"

"साळूबाईनं. शेजारच्या बयाबाईचा नातू तापलाय, त्याच्यावरनं. पण मास्तर, तो निस्ता उतारा न्हवता. करणी हुती. नवरा खाल्ला, ल्योक खाल्ला, आता माझा भाऊ खाल्ला त्या बाईनं." नाथाजीचा आवाज चिरकला. "उद्या यात्रा. सकाळी देवीम्होरं गावकी बसणार. तिचं डोस्कं भादरून वेशीभाईर घालवायचं ठरलंय."

साळूबाई साठीची. उन्हाळ्याचे दिवस. वेशीबाहेर घालवलेल्या बाईला पंचक्रोशीत कुणी घोटभर पाणी देत नाही, हेही पंतांच्या वहीत होतं. म्हणजे उद्या गावकी जे करणार होती, त्याचं नाव काही असो, शेवट एकच होता.

पंतांनी नुसती मान हलवली. भिडस्त माणूस, बोलायचं ते नेहमी उशिरा सुचायचं. बघताना एवढंच दिसलं, की घोळक्यातल्या प्रत्येकाच्या मनगटाला काळा गंडा होता. नाथाजीच्याही.

२

जोतिबा त्यांचा कडेगावच्या शाळेतला विद्यार्थी. पुढं पलटणीत गेला, आफ्रिकेच्या वाळवंटात लढला, लढाई संपल्यावर गेल्या दिवाळीत परत आला. त्याची बायको विजयमाला भिंतीला टेकून बसली होती. पंत उंबऱ्यातच थांबले. दुःखात बुडालेल्या माणसाला प्रश्न विचारायचा आपल्याला काय अधिकार, हे त्यांना कळेना.

तीच म्हणाली, "तुमच्या येण्याचीच वाट बघत हुते हे."

पंतांनी पत्र काढून वाचून दाखवलं. "मास्तर, तुम्ही भुतं गोळा करता. चैत्रात यात्रेला या. आमच्या गावात दिवसाढवळ्या हिंडणारं एक भूत आहे. तीन वर्षं कुणी ओळखलेलं नाही. यात्रेत दाखवतो. वही आणा."

"हे भूत कोणतं, ठाऊक आहे तुला?"

तिनं मान हलवली. "नाव न्हाई सांगितलं. पर साताऱ्याला पेन्शनीच्या कागदासाठी गेलं हुतं, तितं कोन तरी भेटलं. साळूबाईच्या ज्ञानूबरूबर तुरुंगात हुता म्हनं तो गडी."

पंत सावरून बसले. साळूबाईचा ज्ञानू बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाला होता. त्रेचाळीसच्या पावसाळ्यात पकडला गेला आणि तुरुंगात तापानं गेला. एवढं त्यांना ठाऊक होतं.

"ज्ञानू उसात लपला हुता, त्याचा ठावठिकाणा गावातल्याच कुणी तरी दिला. ते नाव त्या गड्यानं सांगितलं. घरी आल्यावर दोन दिवस जेवलं न्हाईत हे. मग त्या मानसाला जाऊन भेटलं. मला म्हनाले, 'यात्रेत त्यानं आपल्या तोंडानं साळूबाईचं पाय धरलं, तर मी गप बसंन. न्हाई तर मी बोलंन.'" तिनं पत्राकडं बघितलं. "लय सवड दिली, मास्तर. एवढी द्याया नको हुती."

"हे तू गावकीला सांगितलंस?"

"नाथाभावजींना सांगितलं. ते म्हनाले, आता मेल्या मानसाचं काय काढायचं."

३

गुंडाचं चहाचं दुकान तिवाट्यापासून हाकेच्या अंतरावर. समोरच्या बाभळीखाली उताऱ्याचं वाळकं लिंबू अजून पडून होतं. त्या जागेला वळसा घालून घालून माणसांनी शेतातून नवीन पायवाट पाडली होती.

"जोतिबा रोजच खायचा का उतारे?"

"दिसला की खायचा. लोकांम्होरं खायचा," गुंडा म्हणाला. "म्हनायचा, वाळवंटात दोन दिस उपाशी हुतो, तवा भूत आडवं आलं असतं तर त्यालाच भाजून खाल्लं असतं. बिराप्पा देवरुषी लय चिडायचा. 'आठ दिसांत मरशील,' म्हनला हुता त्याला, हितंच, ह्या बाकड्यावर."

"कधी?"

"दिवाळीत. आठ दिस झालं, महिनं झालं, गडी आपला ठणठणीत. बिराप्पाचं गिऱ्हाईक निम्मं झालं." गुंडा हसायला गेला आणि हसू तोंडातच राहिलं. "शनवारी रानातनं येताना तिवाट्यावर खाल्ला आन् हितं आला च्या प्यायला. दिवं लागत हुतं. टाळी मागितली मला. म्हनला, 'गुंडा, आजचं भूत लय चवीचं हाय गड्या! भाताला मीठ बराबर, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. भुताची बायकू सुगरण असनार.' आन् मी हासलो, मास्तर. त्यो मराया लागला हुता आन् मी टाळी दिली."

"चहा प्यायला?"

"अर्धा कप. त्वांड कडू झालंय म्हनला. ठेच्यानं झालं आसंल, मी म्हनलं. घरी गेला. मग वकाऱ्या, मग छातीत कळ. पहाटं संपलं."

पंतांनी वही उघडली, पेन्सिल काढली, आणि काहीच न लिहिता मिटली. गुंडा जे बोलला त्यात काही तरी चुकलं होतं. काय ते बोटाशी येत होतं आणि निसटत होतं.

४

साळूबाईच्या दाराला गावानं बाहेरून काटे लावले होते. पंतांनी ते बाजूला सारले. हात ओरबाडला.

म्हातारी चुलीशी बसली होती. आत कोनाड्यात पळसाच्या पानावर भाताचा मुटका होता. त्याच्यापुढं दिवा नव्हता, फूल नव्हतं, नुसता भात.

"बसा मास्तर. बसायला कोन येत न्हाई, तवा पाट न्हाई."

पंत जमिनीवर बसले. "शनिवारचं सांगा. उतारा कसा ठेवलात?"

"जसा ठिवत्यात तसा. पोरावरनं उतरला, तिवाट्यावर ठिवला, आन् म्हागारी फिरले. मागं वळून बघायचं नस्तंय. घराच्या उंबऱ्यापतोर मान वळवली न्हाई मी."

"म्हणजे दहा पावलांवर बाभळीआड कुणी उभं असतं, तरी..."

"तरी मला कसं दिसनार?"

"आणि भातात काय होतं?"

"भात आन् दही."

"मीठ? ठेचा?"

म्हातारीनं त्यांच्याकडं असं बघितलं, की पंतांना आपणच शाळेतलं पोर झाल्यासारखं वाटलं. "मास्तर, तुमी वह्या लिवता आन् हे इचारता? भूत मिठाला शिवतं व्हय? उताऱ्याचा भात आळणीच. मीठ घातलं तर खायाला येनार कोन?"

हेच ते. बोटाशी येऊन निसटत होतं ते हेच. तो भात भुतासाठी रांधलेलाच नव्हता. माणसानं खावा म्हणून रांधला होता. मीठ घातलं होतं, कारण माणूस अळणी भात दोन घासांवर सोडून देतो. ठेचा घातला होता, कारण आतला कडूपणा झाकायचा होता. विषासाठी कण्हेर ओढ्याकाठी कुणालाही मिळते. सबंध गावात उताऱ्याला शिवणारा माणूस एकच होता. त्याच्याखेरीज दुसरं कुणी मरणार नाही, आणि मेला तर दोष एक तर भुताचा, नाही तर साळूबाईचा. तिनं ठेवलेला भात उचलून कुणी तरी आपला ठेवला होता.

चाळीस वर्षं त्यांनी भुतं गोळा केली होती, पण भुताच्या भीतीचा असा उपयोग करणारा माणूस त्यांच्या एकाही वहीत नव्हता.

जाता जाता त्यांची नजर कोनाड्याकडं गेली. "हा भात?"

"ज्ञानूचा." म्हातारी चुलीकडं बघत राहिली. "लोक म्हनत्यात तो भूत झालाय, मी त्याला पाळलाय. मला कुटं दिसतोय? पर झाला आसंल तर उपाशी नको. म्हनून रोज आळणी ठिवते. लहानपणी मीठ कमी पडलं तर ताट म्होरं सारायचा. आता तीन वर्सं झाली, आळणी खातोय माझा बाबा."

पंतांना तिथं बसवेना. कारण ही भुताची गोष्ट त्यांच्या वहीत होती. दोन वर्षांपूर्वीच्या यात्रेत त्यांनी ती चवीनं उतरवून घेतली होती: 'एका विधवेने मेलेला मुलगा पाळला आहे.' त्या विधवेच्या दारात मात्र ते तेव्हा आले नव्हते.

५

बिराप्पा देवरुषी बिरोबाच्या देवळापुढं लोकर पिंजत बसला होता. वयानं पंतांएवढाच, पण पाठ ताठ. पंतांना बघून तो हसला.

"इचारा, इचारा. समद्या गावाला वाटतंय साळूनं मारला, आन् तुमास्नी वाटतंय बिराप्पानं. व्हय ना?"

"मला काही वाटत नाही," पंत खरं तेच बोलले. "मला कधीच खात्रीनं काही वाटत नाही."

"शनवारी दिसभर हितं मेंढरं कातरत हुतो. धा माणसं हुती. दिवं लागंपतोर जाग्यावरनं हललो न्हाई." त्यानं लोकरीचा पेळू ओढला. "जोतिबा मला हासायचा. पर मेल्याव माझी बरकत झाली, हे खरं हाय. आइतवारी सकाळपास्नं समदं गाव गंडा बांधाया आलं. पाच कोडी, शंभर मानसं! कुटनं आणू दोरा? लढाई सपली तरी रीळ कुटं मिळतंय? ही काळी लोकर हुती म्हनून भागलं. तीच वळली आन् तीच बांधली."

पंतांनी त्याच्या हातातल्या लोकरीकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "एरवी गंडा लोकरीचा नसतो?"

"न्हाई वो. सुताचा. काळं रीळ. ते शनवारीच सपलं. शेवटला तुकडा सांजच्याला—" बिराप्पा थबकला. "देवाम्होरल्या गोष्टी सांगायच्या नस्त्यात, मास्तर."

"नका सांगू," पंत म्हणाले.

त्यांना सांगायची गरजही नव्हती. शनिवारी दिवेलागणीला जोतिबा गुंडाच्या दुकानात हसत टाळ्या देत होता. कुणाला काही झालं नव्हतं. त्या घटकेला भुताची भीती वाटायचं कारण गावात एकाच माणसाला होतं: ज्यानं दुसऱ्याचा उतारा हातानं उचलला होता, त्याला.

पंत देवळाच्या पायरीवर बसले आणि वही काढून दोन वर्षांपूर्वीची पानं चाळली. तरुणपणापासून त्यांची एक सवय होती. प्रत्येक गोष्टीखाली ती सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. ज्ञानूच्या भुताचं पान त्यांनी शोधलं आणि तळची ओळ वाचली.

त्या पानात बोट ठेवून त्यांनी वही मिटली.

६

सकाळी देवीपुढं गावकी बसली. साळूबाई उन्हात उभी. बाजूला न्हावी पेटी घेऊन बसलेला, मान खाली. नाथाजीनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मला बोलवत न्हाई. माझा भाऊ गेलाय. पंचांनी काय ते करावं."

पंत उठले. पंचांतले तिघे त्यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून सभा गप्प झाली; नाही तर त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडं गेला नसता.

"माझं चुकतही असेल," त्यांनी सुरुवात केली. "पण मला एक सांगा. उताऱ्याच्या भाताला मीठ घालतात का?"

बायकांतून आवाज आला, "न्हाई!"

"गुंडा, जोतिबा काय म्हणाला होता?"

गुंडानं सांगितलं. मीठ, ठेचा, सुगरण. सभेत कुजबुज झाली आणि विरली. मग पंतांनी जोतिबाचं पत्र वाचलं. विजयमाला सुतकात, पण देवळाबाहेर येऊन उभी होती. तिनं साताऱ्याचं सगळं सांगितलं. ज्ञानूचं नाव निघालं तशी साळूबाईची मान वर झाली.

"भात बदलला गेला," पंत म्हणाले. "बदलणाऱ्याला उताऱ्याला शिवावं लागलं. शिवल्यावर तो माणूस काय करेल? तुमच्या-आमच्यातलाच तो. तो गंडा बांधून घेईल. तुम्ही सगळ्यांनी गंडे कधी बांधलेत?"

"आइतवारी!"

"नाथाजी, तुम्ही?"

"आइतवारीच. समद्यांबरूबर. जोतिबा गेल्याव."

"हात वर करा सगळ्यांनी."

हात वर झाले. शंभरभर मनगटं, आणि प्रत्येकावर काळी, केसाळ, जाडीभरडी लोकर. नाथाजीचा हात अर्ध्यावर थांबला होता. त्याच्या शेजाऱ्यानं आधी बघितलं, मग त्याच्या शेजाऱ्यानं. बारीक, चकचकीत, सुताचा दोरा.

बिराप्पा मागून बोलला. आवाज जड होता. "शेवटलं सूत शनवारी दिवं लागताना बांधलं. म्हनला, रानात भ्यालोय. देवाच्या दारात खोटं बोलू नगं, नाथा."

"शनवारी आसंल! इसरलो मी!" नाथाजी ओरडला. "रानात खरंच भ्यालो हुतो. त्येच्यानं काय मी खुनी झालो? मास्तर, तुमी शेरातली माणसं, सुतावरनं सर्गाला जाता!"

दोघेचौघे हसलेसुद्धा. पंतांना वाटलं, खरंच की; सुताचा एक तुकडा, त्यावर आपण एका माणसाची मान अडकवतो आहोत. त्यांना खाली बसावंसं वाटलं. पण उन्हात साळूबाई उभी होती.

"उताऱ्याला तुमचा हात लागला नसेल," ते कसेबसे म्हणाले, "तर तो दोरा सोडा. इथं देवीपुढं ठेवा. मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

नाथाजीचा हात गाठीकडं गेला. बोटं गाठीवर नुसती फिरत राहिली. घाम टापशीखालून गालावर उतरला. गाठ सुटेना, तो सोडवतच नव्हता.

साळूबाई पुढं झाली. "आण हिकडं. मी सोडते."

"शिवू नगंस!" नाथाजी मागं सरकला, मनगट छातीशी धरून. "सोडू नगंस त्यो! बयाबाईच्या नातवाचं समदं माझ्याव यील!"



साळूबाई अगदी हळू म्हणाली, "तुज्यावर का यील, नाथा? तू शिवला हुतास व्हय?"

नाथाजी मटकन खाली बसला. पुढं जे बोलला ते बहुतेक मातीलाच बोलला. त्रेचाळीस साली पोलिसांनी त्याला तीन दिवस बसवून ठेवलं होतं. पाय सोलू म्हणाले होते. "भ्यालो. उसाचा फड दावला. मग ज्ञानू मेला, आन् त्याची आय माझ्याकडं बघंल म्हनून भ्यालो. जोतिबा म्हनला, पाय धर तिचं. तवाबी भ्यालो. मी सारखा भ्यालोच, मास्तर."

"आणि भूत?" पंतांनी वही उघडून पुढं धरली. "ज्ञानूचं भूत झालं, आईनं पाळलं. ही गोष्ट मला या देवळात तुम्हीच सांगितली होती. खाली तुमचं नाव आहे."

"बाईला भूतवाली म्हनलं की तिचं कुनी ऐकत न्हाई," नाथाजी म्हणाला.

साळूबाई त्याच्यासमोर उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता मारते. ती म्हणाली, "ज्ञानूची भाकर तू फडात नेत हुतास. तीन महिनं. जाताना तुजीबी बांधून देत हुते मी. माज्या चुलीवरचं मीठ हुतं त्यात." आणि ती वळून घराकडं चालू लागली. गावानं वाट दिली. न्हाव्यानं पेटी उचलली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

७

नाथाजीला कडेगावच्या पोलीस चौकीवर नेलं, तेव्हा त्यानं एकच मागणं मागितलं: गंडा राहू द्या.

यात्रा झाली, पण ढोल वाजला नाही. दुपारी गंगाधरपंत साळूबाईच्या दारी गेले. काटे कुणी तरी उचलून नेले होते. बयाबाई पाट घेऊन आली होती. तो उंबऱ्याशी ठेवून, काही न बोलता निघून गेली. तिचा नातू तापातून उठला होता.

पंतांनी वही म्हातारीपुढं ठेवली. "यात तुमच्या ज्ञानूचं एक पान आहे. मी लिहिलंय. तुम्हाला न विचारता. ते फाडावं की खोडावं, मला ठरवता येत नाही."

तिला वाचता येत नव्हतं. तिनं पानावरून हात फिरवला. "ह्यात त्याचं नाव हाय?"

"आहे."

"मग फाडू नगा. त्यो भूत न्हाई, एवढं लिवा."

पंतांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तळाशी नेहमीप्रमाणे सांगणाऱ्याचं नाव लिहिलं: साळूबाई, ज्ञानूची आई.

चुलीवर भात झाला होता. तिनं पळसाचं पान पुसून घेतलं, त्यावर मुटका काढला. मग कोपऱ्यातल्या गाडग्यात हात घालून मिठाची चिमूट उचलली, आणि ती चिमूट तशीच हवेत राहिली. तीन वर्षांत प्रमाणच विसरली होती.

"मास्तर," ती म्हणाली, "आदी तुमी खाऊन सांगा. त्याला कमी पडलेलं चालत न्हाई."

पंतांनी घास घेतला. थांबले. एरवी एवढ्याशा गोष्टीतही त्यांना दहा शंका आल्या असत्या.

"आणखी थोडं," ते म्हणाले.

तिनं घातलं, आणि पान कोनाड्यात ठेवलं.